चालत्या जहाजावर पाइपांना आतून अस्तर : कोणी केलंय का?

दर्याकाठ

नमस्कार मंडळी. इथे बोटीवरचे आणि गोदीतले बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

मी एका प्रवासी जहाजावर हॉटेल साइडचा इंजिनियर आहे. म्हणजे मेन इंजिन माझ्याकडे नाही. नळ, शॉवर, संडास, एसी, गॅली (जहाजाचं स्वयंपाकघर), लाँड्री ही सगळी बिलामत माझ्या गळ्यात. सध्या चिपळूणला सुट्टीवर. जहाज पंचवीस वर्षांचं. बांधलं तेव्हा शॉवर-बेसिनचं सांडपाणी, आम्ही त्याला ग्रे वॉटर म्हणतो, गॅल्वनाइज्ड लोखंडी पाइपातून नेलं आणि केबिनचं गरम पाणी तांब्याच्या पाइपातून. आता दोन्ही रडतायत. ग्रेच्या पाइपांना तळाच्या बाजूने भोकं, तांब्याच्या एल्बोंना (वळणाच्या जोडांना) सुईच्या टोकाएवढी छिद्रं. गेल्या काँट्रॅक्टमध्ये मी लावलेल्या प्रत्येक क्लॅम्पवर मार्करने नंबर टाकत होतो. उतरलो तेव्हा १४३ वर होतो.

रात्री पावणेतीनला फोन वाजतो. पाचव्या डेकवर छतातून पाणी. जाऊन बघावं तर सीलिंगचं पॅनल भरलेल्या पखालीसारखं लोंबतंय, खाली स्टुअर्ड बादली घेऊन उभा, आणि एक आजी पलंगावर पाय वर घेऊन माझ्याकडे अशा बघतायत की जणू मीच वरून ओततोय.

आता कंपनीच्या डोक्यात असं आलंय की जहाज बंद न करता दहा-बारा केबिनचा एकेक गट तीन दिवस रिकामा ठेवायचा, बाहेरची टीम बोलवायची आणि पाइप जागेवरच आतून खरवडून त्याला इपॉक्सीचं, म्हणजे कालवून लावल्यावर कडक होणाऱ्या रेझिनचं, अस्तर मारायचं. आमचा चीफ इंजिनियर म्हणतो, असला मेकअप नको. दीड वर्षाने ड्राय डॉक आहे (जहाज पाण्याबाहेर घेऊन मोठी दुरुस्ती), तेव्हा कापू आणि नवीन टाकू. मला म्हणतायत, तुझं मत लिहून दे.

कोणी स्वतः केलंय का हे? टिकतं का?

पेणचा_पोहणारा

एम-सील.

सोसायटी_सेक्रेटरी

वाचतोय. जहाज नाही, पण आमची ठाण्यातली बिल्डिंग १९८४ ची आहे आणि रात्री पावणेतीनचे फोन मलाही येतात.

जुना_फिटर

दर्याकाठ, ३१ वर्षं मुंबईच्या गोदीत पाइप फिटर होतो. तुझा प्रश्नच मला पटला नाही. 'अस्तर टिकतं का' असं विचारून चालत नाही, कुठल्या पाइपाला ते आधी सांग. तू दोन पाइप सांगितलेस आणि दोघांचं दुखणं वेगळं. एक गंजाने मेला, दुसरा पाण्याच्या धारेने झिजला. एकाच बाटलीतलं औषध दोघांना देऊ नकोस.

दुसरं, उरलंय किती ते बघ. आम्ही पूर्वी छोट्या हातोडीने टिचकी मारायचो. चांगला पाइप टणकन बोलतो, मेलेला भद्द आवाज करतो. कधी कधी हातोडी सरळ आत जायची, मग साहेब ओरडायचा की चांगला पाइप फोडलास. अरे, फुटला म्हणजे चांगला नव्हता! आता अल्ट्रासॉनिकचं मशीन आहे, जेली लावून पाइपाची जाडी मोजता येते. तुमच्या जहाजावर नक्की असेल, कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये बॅटरी गळून पडलेलं.

अस्तर म्हणजे लेप. ज्या भिंतीला लेप लावायचा ती भिंत उभी तर पाहिजे?

दर्याकाठ

काका, मशीन आहे आणि बॅटरी खरंच गळलेली होती :)

जाडी थोड्या ठिकाणी मोजली होती. ग्रेचा पाइप मूळ साडेचार मिमीचा. वरच्या अंगाला ४ च्या आसपास, तळाला कुठे ३, कुठे १.६. आडव्या पाइपांत तळच जातो, उभे बरे आहेत.

रसायन_काकू

फिटरकाकांशी १०० टक्के सहमत, विशेषतः तांब्याबद्दल.

गरम पाण्याची लाइन जहाजावर सतत फिरती ठेवतात ना? नळ उघडला की लगेच गरम यावं म्हणून, आणि पाणी थंड होऊन त्यात लेजिओनेलाचे जंतू वाढू नयेत म्हणूनही. म्हणजे चोवीस तास, वर्षाचे बारा महिने तेच पाणी त्याच एल्बोवर आपटतंय. तांब्यावर एक पातळ संरक्षक थर असतो. पाणी ६० अंशांच्या पुढे आणि वेग जास्त, की वळणावर तो थर खरवडला जातो. खाली पुन्हा बनतो, पुन्हा खरवडतो. पाइप कापून आत पाहिलंत तर घोड्याच्या नालासारखे चकचकीत खड्डे दिसतील, प्रवाहाच्या दिशेने ओढल्यासारखे. इतक्या गरम पाण्याला तांब्यात सेकंदाला साधारण ०.६ ते ०.९ मीटरच्या पुढे जाऊ देऊ नये असं मानतात.

तुमचा फिरता पंप कधी मोठा बसवला गेलाय का? बऱ्याचदा असं होतं की टोकाच्या केबिनला गरम पाणी येत नाही म्हणून कोणीतरी जास्त ताकदीचा पंप टाकतो. टोकाची केबिन खूष, आणि पहिल्या दहा केबिनचे एल्बो दोन वर्षांत खलास.

दर्याकाठ

काकू, तुम्ही आमच्या इंजिनरूममध्ये येऊन गेलात का? २०१६ साली पंप बदललाय, आधीच्या दीडपट. कारण लॉगबुकात लिहिलंय, 'मागच्या केबिनच्या तक्रारी'.

पेणचा_पोहणारा

म्हणजे मागच्यांच्या आंघोळीसाठी पुढच्यांच्या छतातून पाणी. लोकशाही हीच.

मीनल_व

मी पूर्णपणे प्रवासी बाजूची. आम्ही मागे एका क्रूझला गेलो होतो (नाव सांगत नाही). तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरचा गालिचा दहा पावलं ओला. त्यावर मोठे निळे पंखे लावून ठेवलेले, आणि सगळे जण त्यावरून काही झालंच नाही अशा चेहऱ्याने जेवायला जातायत. मी पण गेले. जेवण चांगलं होतं.

पण त्या संडासाबद्दल कोणीतरी सांगा. बटण दाबल्यावर केवढ्याने ओरडतो तो! माझ्या सासूबाई चार दिवस बाहेर उभं राहून मला आत बटण दाबायला पाठवत होत्या.

तिसरा_इंजिनियर

मीनलताई, तो व्हॅक्यूमचा संडास. विमानातल्यासारखाच. पाइपात साधारण अर्ध्या वातावरणाएवढी ओढ सतत ठेवलेली असते, बटण दाबलं की झडप उघडते आणि सगळं शोषलं जातं. एका फ्लशला लिटर-सव्वा लिटर पाणी पुरतं. घरच्या टाकीला सहा-नऊ लिटर लागतात. शिवाय पाइप बारीक चालतो आणि वरही चढवता येतो, उतार लागत नाही. जहाजाला हे वरदानच आहे.

शाप असा की एका ठिकाणी बारीक भोक पडलं तरी हवा आत ओढली जाते आणि अख्ख्या लाइनची ओढ जाते. पाणी गळत नाही, त्यामुळे भोक सापडत नाही. आम्ही रात्री कान लावून सू-सू आवाज शोधत फिरायचो. हसू नका, आवाजच तसा येतो. आणि वीज गेली तर सगळंच गेलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये कार्निव्हल ट्रायम्फच्या इंजिनरूमला आग लागून वीज गेली होती, आठवतंय? मेक्सिकोच्या आखातात ४,२०० च्या आसपास माणसं, आणि जवळजवळ सगळे संडास बंद. ओढत ओढत अमेरिकेतल्या मोबील बंदरात नेलं. नंतर पेपरांनी त्या सफरीला जे नाव दिलं ते इथे लिहीत नाही.

दर्याकाठ, तुमच्या ब्लॅक वॉटर लाइनला, म्हणजे संडासाच्या पाइपांना पण अस्तर मारणार आहेत का? तिथे आधी लघवीचा दगड काढावा लागेल. तीन इंचाच्या पाइपात आत एक इंच जागा उरलेली मी पाहिलीय. कापलेला तुकडा शंखासारखा दिसत होता, आतून गुळगुळीत, थरावर थर.

दर्याकाठ

नाही, ब्लॅकला हात लावत नाहीत. तिथे दर आठवड्याला ॲसिड डोसिंग चालतं. सध्या फक्त ग्रे आणि गरम पाणी.

सुमती_देवरुख

माझं इंजिनियरिंगशी देणंघेणं नाही, पण हे वाचताना एकच डोक्यात येतंय : ही तर पाइपाला कल्हई!

आमच्या लहानपणी देवरुखात कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा, कोळसा, भाता. भांडं तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर आणि नाकात जाणारा तो वास, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने गरागरा फिरवायचा. एका क्षणात काळं भांडं चांदीचं. पण आजी त्या क्षणाकडे बघायचीच नाही. ती बघायची त्याच्या आधी, भांडं नीट घासलंय का. घासायला कंटाळा केला तर कल्हई महिन्याभरात सोलते, असं म्हणायची, आणि त्याला दोन-दोनदा परत घासायला लावायची. तो वैतागायचा. पैसे मात्र पूर्ण द्यायची.

रसायन_काकू

सुमती, अगदी बरोबर, आजीला साष्टांग नमस्कार. फक्त एक फरक. कल्हईत कथील तांब्याशी खरोखर जुळतं, दोन धातूंचा मधला थर तयार होतो. इपॉक्सी तसं जुळत नाही. ते खडबडीत पृष्ठभागाला नख्या रोवून धरून बसतं. म्हणून इथे नुसतं स्वच्छ असून भागत नाही, खरखरीतही हवं. म्हणजे आजीपेक्षा जास्त कटकट करावी लागेल.

अस्तरवाला_वास्को

उशीर झाला यायला. दर्याकाठ, हे काम मी सहा वर्षं केलंय. आमची आठ जणांची टीम एका बंदरातून चढायची, काम करत करत जहाजाबरोबर फिरायची आणि दोन-तीन आठवड्यांनी उतरायची. राइडिंग स्क्वॉड म्हणतात. प्रवासी वरच्या डेकवर बिंगो खेळतायत आणि आम्ही त्यांच्या बाथरूमच्या भिंतीमागे. जे होतं ते सांगतो, चांगलं-वाईट दोन्ही.

गरम पाण्याच्या बारीक पाइपाचं काम असं चालतं. त्या गटाचे वॉल्व्ह बंद, बाजूने तात्पुरता होज टाकून पुढच्या केबिनचं पाणी चालू. प्रत्येक केबिनमधला शॉवर मिक्सर आणि बेसिनचा नळ काढायचा आणि त्या तोंडाला आपली नळी लावायची. मग गरम कोरडी हवा. पाइप कोरडा झाला की त्याच हवेत बारीक ग्रिट (खरवडणारी वाळू) सोडायचं. आवाज कसा येतो सांगू? पत्र्यावर वळवाचा पाऊस. तो आवाज पाइपातून दहा केबिन पलीकडे जातो, म्हणून सकाळी अकरा ते चार, प्रवासी किनाऱ्यावर फिरायला गेले की तेवढ्याच वेळात ग्रिट. दुसऱ्या टोकाला सगळी धूळ शोषून घेणारी टाकी. मग आत कॅमेरा. तांब्यासारखं तांबं दिसलं पाहिजे, गुलाबी आणि मॅट.

मग इपॉक्सी. दोन भाग मोजून कालवायचे, पाइपाच्या तोंडाशी ओतायचे आणि मागून हवा द्यायची. लोळ पुढे सरकतो आणि जाता जाता भिंतीला थर लावत जातो. दुसऱ्या तोंडाला पारदर्शक नळी असते, तिच्यात रंग दिसला की पोचला. पण खरी परीक्षा घड्याळाची. कालवल्यावर हातात वीस-पंचवीस मिनिटं. डबा तळव्याला गरम लागायला लागला की समजायचं, आता घाई. गरम लागून धूर दिसला तर तो डबा उचलून उघड्या डेकवर न्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

ग्रेच्या जाड पाइपाला हे हवेने ढकलणं चालत नाही. तिथे लवचिक दांड्याच्या टोकाला फिरता ब्रश, मागे कॅमेरा, आणि दोन-तीन हात. किंवा रेझिनमध्ये भिजवलेला फेल्टचा मोजा आत सोडून हवेने फुगवायचा. मोजा कडक झाला की जुन्या पाइपात नवा पाइपच. मात्र बाजूच्या शाखा आतून झाकल्या जातात, त्या पुन्हा कटरने उघडाव्या लागतात. एखादी विसरली तर त्या केबिनचा शॉवर तळं होतं.

आता वाईट. एका जहाजावर ड्रॉइंगमध्ये नसलेली एक शाखा होती. मागे कधीतरी कोणीतरी स्टुअर्डच्या पँट्रीसाठी टी मारून घेतलेली. आम्ही ग्रिट सोडलं आणि पँट्रीच्या नळातून काळ्या वाळूची पिचकारी कपांच्या ट्रेवर. नशीब, इपॉक्सी नव्हतं. तेव्हापासून मी ड्रॉइंगवर विश्वास ठेवत नाही. आधी हवा सोडतो आणि माणसं सगळ्या आजूबाजूच्या नळांना कान लावून उभी करतो.

टिकण्याबद्दल : नीट केलेलं मी काही वर्षांनी उघडून पाहिलंय, नख लागत नव्हतं. घाईत केलेलं आठ महिन्यांत पापुद्रे होऊन शॉवरच्या जाळीत अडकलेलंही पाहिलंय. दोन्ही आमच्याच टीमने केलेलं.

जुना_फिटर

शेवटचं वाक्य लिहायला छाती लागते. वास्कोकर, भेटलो तर चहा माझ्याकडून.

तिसरा_इंजिनियर

जबरदस्त प्रतिसाद. त्या आठ महिन्यांवाल्याला काय झालं होतं?

अस्तरवाला_वास्को

घाम. पाइपाला घाम आला होता. शेजारून एसीच्या थंड पाण्याची लाइन जात होती, तिचं इन्सुलेशन फाटलेलं, त्यामुळे आमचा पाइप तेवढ्या हातभर भागात गार. नियम असा की धातूचं अंग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त गरम हवं. आम्ही तापमान दोन टोकांना मोजलं, मधे पॅनलच्या मागे मोजलंच नाही. बाहेर कॅरिबियनची दमट हवा. त्या हातभर भागात पाण्याचा पातळ थर बसला आणि इपॉक्सी त्या पाण्यावर. दिसायला बाकीच्यासारखंच गुळगुळीत.

कोकणबोट

थोडं अवांतर. पाइप, बोट, गळती वाचून मुंबई-पणजी बोटीची आठवण झाली. भाऊच्या धक्क्यावरून निघायची. कोंकण सेवक, कोंकण शक्ती. डेकवर चटई टाकून जागा धरायची. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला... बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची आणि पडावातून उतरायचं. आईने एकदा आंब्याची पेटी पडावात आधी टाकली आणि मग मला. तिथल्या संडासाला कसलं अस्तर नि कसलं काय, दार लागलं तरी देव पावला.

पेणचा_पोहणारा

कोकणबोट, पेटी आधी हे बरोबरच आहे. पोरं बुडली तर पोहतात, हापूस बुडाला तर गेला.

सोसायटी_सेक्रेटरी

अवांतर झालंच आहे तर माझाही प्रश्न घ्या. हा रेझिनचा मोजा बिल्डिंगच्या ड्रेनेजला चालेल का?

रसायन_काकू

चालेल, कारण तो जन्मला जमिनीवरच. १९७१ साली लंडनमध्ये एरिक वुड नावाच्या इंजिनियरने हॅकनीतल्या जुन्या गटाराला पहिल्यांदा असा मोजा घातला, रस्ता न खोदता. तंत्र जुनं आणि सिद्ध आहे. तुमच्या ड्रेनेजच्या उभ्या पाइपाला विचार करायला हरकत नाही. पिण्याच्या पाण्याला मात्र कुठलंही इपॉक्सी चालत नाही. पिण्याच्या पाण्याशी संपर्कासाठी तपासलेलंच हवं, आणि ते प्रमाणपत्र त्या नेमक्या मालाचं हवं, कंपनीच्या कॅलेंडरवरचं नाही.

चीफ_निवृत्त

बराच वेळ गप्प वाचत होतो. दर्याकाठ, तुझ्या चीफची बाजू घेणारं कोणीतरी हवं म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे क्लास, म्हणजे जहाज तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था. फायर मेन (आग विझवायच्या पाण्याची लाइन), बिल्ज (जहाजाच्या तळाशी साचलेलं पाणी उपसायची लाइन), समुद्राच्या पाण्याच्या लाइनी यांना क्लासच्या सर्व्हेयरला विचारल्याशिवाय कुठलंही अस्तर मारायचं नाही. ग्रे वॉटर आणि गरम पाणी तितकं कडक नाही, तरी कागद तयार ठेव. आज ग्रेला मारलं की उद्या सुपरिंटेंडंट म्हणणार, टीम आलीच आहे तर समुद्राच्या पाण्याच्या कूलिंग लाइनलाही मारून टाका. तिथे नाही म्हण. खाऱ्या पाण्यात लोखंडी पाइप आणि पुढे ब्राँझचा वॉल्व्ह अशी जोडी असेल आणि अस्तरात टाचणीएवढं भोक राहिलं, तर आधी अख्ख्या पाइपभर पसरलेला गंज त्या एका टाचणीत एकवटतो. अस्तर नसताना पाइप दहा वर्षं गेला असता, अस्तरासकट सहा महिन्यांत आरपार. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, माझ्या पंपरूममध्ये गुडघाभर पाण्यात उभं राहून शिकलोय.

दुसरं, गरम पाणी हेही पिण्याच्याच पाण्यात मोडतं. अमेरिकेच्या बंदरांना जात असाल तर तिथले आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर न सांगता चढतात. लाइन उघडली की तिला परत ५० पीपीएम क्लोरीनने चार तास भरून ठेवायचं, मग धुवायचं, मग टोकाच्या नळाला क्लोरीन मोजायचं. तुझे 'तीन दिवस' यात हे चार तास आणि धुणं धरलंय का? विचार. बहुतेक कोटेशनमध्ये ते नसतं.

तिसरं, चीफ 'मेकअप' म्हणतो त्याला कारण आहे. असली कामं केली की ड्राय डॉकचं पाइपाचं बजेट कापलं जातं. 'आता अस्तर आहे ना?' आणि मग खरंच मेलेला पाइप आणखी पाच वर्षं तसाच राहतो.

अस्तरवाला_वास्को

चीफसाहेब, समुद्राच्या पाण्याबद्दल पूर्ण मान्य. आम्हीही नाही म्हणायचो. बजेटचं मात्र आमच्या हातात नाही हो.

साउथहॅम्प्टन_मावशी

इकडे जहाजाच्या गावात राहते म्हणून एक जुनी गोष्ट. डिसेंबर १९९४. क्यूई-२ (क्वीन एलिझाबेथ-२ हे प्रवासी जहाज) हॅम्बुर्गला मोठ्या रिफिटसाठी, म्हणजे नूतनीकरणासाठी गेलं होतं, त्यात सगळी बाथरूमं नवी करायची होती. काम पुरं झालं नाही आणि नाताळच्या सफरीची तिकिटं तर विकलेली. मग कामगारांना घेऊनच न्यूयॉर्कला निघालं. अर्धवट बाथरूमं, पाण्याची बोंब, कॉरिडॉरमध्ये सामान. जागा नाही म्हणून कित्येकांना तर इथेच उतरवून ठेवलं. शेवटी भरपाई द्यावी लागली. इथल्या म्हाताऱ्या लोकांना अजून ती सफर आठवते. शेजारचे आजोबा तर ते सांगताना हसून हसून खोकतात.

म्हणजे 'कापू आणि नवीन टाकू' हेही वेळेत झालं तरच. दर्याकाठ, तुमच्या चीफना हे सांगा.

मीनल_व

मावशी, भरपाई मिळते?! मला माझ्या गालिच्याचे पैसे हवेत.

दर्याकाठ

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मत लिहून दिलंय, दीड पान. पहिलं वाक्य फिटरकाकांचं : कुठल्या पाइपाला ते आधी ठरवा. चढल्यावर काय झालं ते कळवतो.

पेणचा_पोहणारा

हे 'कळवतो' म्हणणारे सगळे धागे मी बुकमार्क केलेत. एकही परत आला नाही.

दर्याकाठ

आलो परत! सात महिने झाले. परवाच उतरलो, घरी आहे.

झालं ते असं. आधी मी आणि एक मोटरमन, तीन आठवडे रोज रात्री दोन तास, पॅनल उघडून जाडी मोजत गेलो. दर मीटरला तळाशी एक रीडिंग, पाइपावरच खडूने लिहायचं. ग्रेच्या आडव्या पाइपांपैकी दोन मिमीच्या खाली गेलेला भाग कापायचाच असं ठरवलं. असे अकरा तुकडे निघाले, आणि अकराही माझ्या जुन्या क्लॅम्पांच्या दोन्ही बाजूंना. म्हणजे क्लॅम्प जिथे होता तिथेच रोग होता, मी फक्त टोपी घालत होतो. ते तुकडे आम्हीच रात्री बदलले. वेल्डिंग टाळलं, कपलिंगवर जोडले, कारण केबिनच्या मागे हॉट वर्कची (ठिणग्या उडणाऱ्या कामाची) परवानगी मागायची म्हणजे आगीवर पहारा, कागद, आणि कॅप्टनचा चेहरा.

उरलेल्या ग्रेला टीमने आतून ब्रशने दोन हात मारले. बारा केबिनचा गट, तीन नाही, चार दिवस लागले. चीफसाहेब म्हणाले तसंच. एक दिवस वास गेला नाही म्हणून गट आणखी बंद ठेवला. एका प्रवासीबाईंनी रिसेप्शनला तक्रार केली की केबिनला नेलपॉलिशचा वास येतोय, आणि शेजारच्या केबिनमधल्या बाईंनी तक्रार केली की त्यांच्या केबिनला का येत नाही. दुसरी खोटी वाटेल, पण लॉगमध्ये आहे.

गरम पाण्याला अस्तर मारलंच नाही. एक एल्बो कापून टेबलावर ठेवला. काकू, घोड्याचे नाल, जसेच्या तसे. चीफने तो हातात घेतला, खिडकीकडे धरून आतून पाहिला, बराच वेळ काही बोलला नाही. मग पंप बदलायला हो म्हणाला. छोटा पंप, प्रत्येक शाखेला बॅलन्सिंग वॉल्व्ह, आणि झिजलेल्या एल्बोंच्या जागी लांब वळणाचे बेंड. मागच्या केबिनना गरम पाणी यायला आता अर्धं मिनिट जास्त लागतं. त्यावर तक्रारी आल्या आहेत.

पँट्रीवाली गोष्ट आमच्याकडेही झाली असती. वास्कोकर, तुमचं वाचून मी आधी हवा सोडून सगळीकडे कान लावायला लावले. सलूनमधल्या केस धुवायच्या बेसिनमधून फुस्स आलं. ड्रॉइंगमध्ये ते बेसिन दुसऱ्याच लाइनवर आहे.

टिकेल का ते आज सांगता येत नाही, सात महिन्यांत काय कळणार. पण पाचव्या डेकवर या काँट्रॅक्टमध्ये नवीन क्लॅम्प चार. चारही गरम पाण्याचे, बेंड बदलायच्या आधीचे.

जुना_फिटर

तो कापलेला एल्बो फेकू नकोस. पुढच्या पंपवाल्याला दाखवायला ठेव.

दर्याकाठ

चीफच्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. त्यात पेनं ठेवतो.

सुमती_देवरुख

पेनं गळत नाहीत ना त्यातून?

सोसायटी_सेक्रेटरी

आमच्या मीटिंगमध्ये हा धागा वाचून दाखवला. ठराव झाला की आधी जाडी मोजायची. कोणाच्या खर्चाने यावर मीटिंग तहकूब.

दर्याकाठ

एक राहिलं. उतरायच्या आदल्या रात्री पावणेतीनला फोन आला. मी झोपेतच बूट चढवले, पाचव्या डेककडे पळालो. डेक कोरडा. फोन गॅलीतून होता, आइस मशीनची नळी सुटली होती. प्लास्टिकची.

पेणचा_पोहणारा

एम-सील.